जुहूची शांतता कोणासाठी?

येरवड्याच्या कारावासात असताना शस्त्रक्रिया होऊन सुटलेले महात्मा गांधी 1924 साली विश्रांतीसाठी मुंबईजवळच्या निवांत जुहूस येऊन राहिले. आज तीच निवांतता कोट्यवधींच्या भावाने विकली जाते. ज्याची ऐपत असेल त्याने तेथे सुखाने राहावे. त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु समुद्र काही कोणाच्या सातबाऱ्यावर चढलेला नाही! रविवारी पोरांबाळांसह येणाऱ्या चाळकऱ्यांस उपद्रव म्हणणे हा उद्दामपणा होय. मोरागावचे कोळी तर या बंगल्यांच्या कितीतरी आधीचे. सुकटीचा वास ज्यांना सोसवत नाही त्यांनी किनाऱ्यावर घर घ्यावेच कशाला? वाळूकडे जाणारी प्रत्येक गल्ली महापालिकेने खुली राखावी आणि तिच्या तोंडाशी तशी ठळक पाटी लावावी, मराठीत.