गिटार घेताना मान पाहा

मुलाने किंवा मुलीने गिटारचा हट्ट धरला की आईवडील दुकानात जाऊन पॉलिश पाहतात, रंग पाहतात आणि किंमत विचारतात. वाद्याची मान पेटीला जिथे जोडलेली असते, तिकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पुढे दोन महिन्यांत ‘बोटे दुखतात’ म्हणून शिकणे बंद पडते आणि बोलणी मुलाला खावी लागतात. पुष्कळदा दोष त्या सांध्याचा असतो.

जिथे रेल्वेचे रूळ तयार होतात, त्या भिलाईतल्या घरांना पोलादाची ताकद वेगळी सांगायला नको. गिटारच्या सहा पोलादी तारा सुरात लावल्या की मिळून सुमारे ७० किलोचा ताण मानेवर पडतो, तोही रात्रंदिवस. तो सोसण्यासाठी कारागीर मानेच्या बुडाला, म्हणजे टाचेला, डव्हटेल पद्धतीची खुंटी कोरतो. ती पेटीच्या खाचेत घट्ट बसते. काही कंपन्या मान बोल्टने जोडतात.

पण सांधा नुसता घट्ट असून भागत नाही, कोनही अचूक हवा. मान साधारण एक ते दीड अंश मागे झुकलेली असते. टाचेची उंची सुमारे ९ सेंटिमीटर, तर सांध्यापासून ब्रिज सुमारे २९ सेंटिमीटर दूर. त्यामुळे टाचेच्या टोकाला १ मिलिमीटरची चूक झाली, तर ब्रिजपाशी ती तिप्पट होते. म्हणूनच कारागीर पटाशीने थोडे तासतो, मान बसवून पाहतो, काढतो आणि पुन्हा तासतो.

ही विद्या आपल्याकडे नवी नाही. मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून सतारी आणि तंबोरे बनतात. तिथल्या या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांत भोपळा आणि दांडी जिथे जुळतात, त्या भागाला ‘गळा’च म्हणतात. तो सैल पडला की तारा वर उचलल्या जातात आणि वाजवणाऱ्याची बोटे शिणतात.

गिटार घेताना एक लांब, सरळ पट्टी सोबत न्यावी. ती मानेवरच्या फ्रेटवर मधोमध ठेवून ब्रिजकडे न्यावी. पट्टीचे टोक ब्रिजच्या लाकडाच्या वरच्या कडेला जेमतेम टेकले, तर कोन ठीक. ते कडेच्या बरेच खाली अडले, तर मान पुढे झुकली आहे असे समजावे. बाराव्या फ्रेटवर तारांची उंची दोन-अडीच मिलिमीटर असावी. मानेतली लोखंडी सळई पिळून मानेचा बाक कमी होतो, सांध्याचा कोन सुधारत नाही. त्यासाठी मान सोडवून पुन्हा बसवावी लागते आणि स्वस्त गिटारला तो खर्च परवडत नाही.

गिटार घरी आणल्यावर ती उन्हात किंवा बंद मोटारीत ठेवू नये. उष्णतेने सरस मऊ होतो आणि नीट बसवलेली मानही हळूहळू ढळते.