एक काना हरवला



तोरणमाळ हे नाव आपल्या पोरांनाही नीट म्हणता येतं. तेच इंग्रजीत लिहिलं की 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'ल' होतो. बाहेरून आलेला साहेब वाचतो, "तोरनमल". आपण हसतो आणि सोडून देतो.

मागच्या महिन्यात मात्र आम्हाला हसू आलं नाही. वडपाडा आणि वाडपाडा हे आपले दोन पाडे, मधे एक नाला. कचेरीच्या इंग्रजी यादीत दोघांचं स्पेलिंग एकच झालं. वाडपाड्याच्या तीन घरांचे वनहक्काचे दावे वडपाड्याच्या कागदांत गेले आणि "ही कुटुंबं या पाड्यात राहत नाहीत" असा शेरा घेऊन परत आले. माणसं तिथंच आहेत, शेत तिथंच आहे. हरवला तो एक काना.

ऑस्ट्रेलियातल्या अनंगू आदिवासींचा एक पवित्र डोंगर आहे, उलुरू. १८७३ साली एका गोऱ्या मोजणीदारानं त्याला आपल्या साहेबाचं नाव दिलं, एअर्स रॉक. अनंगू उलुरूच म्हणत राहिले. त्यांच्या भाषेतही आपल्यासारखे 'ण' आणि 'ळ' आहेत. इंग्रजीत त्यांना अक्षर नाही, म्हणून ते अक्षराखाली रेघ मारतात. उलुरूमधल्या 'र'खालीही रेघ असते. इथं जीभ वळवा, असं ती वाचणाऱ्याला सांगते. १९८५ साली जमिनीची मालकी अनंगूंना परत मिळाली. १९९३ साली उलुरू हे नाव सरकारी कागदावर चढलं.

आपणही एवढं करू. दाव्यावर पाड्याचं नाव आधी देवनागरीत लिहा. इंग्रजीत लिहावंच लागलं तर 'आ'साठी 'ए' दोनदा घाला. सोबत जवळचा नाला, टेकडी, देवाचं झाड यांचं नाव जोडा. "साहेब, तुम्हीच लिहा" म्हणून कोरा अर्ज देऊ नका. लिहिलेलं मोठ्यानं वाचून घ्या. चुकलं तर तिथंच थांबवा.

आणि वनहक्क समितीनं म्हाताऱ्या माणसांना बसवून रानातल्या जागांची नावं भिलोरीत, पावरीत म्हणतात तशीच लिहून घ्यावीत. २००६च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लेखी सांगणं हाही पुरावा धरला आहे. नकाशात नाव नसलेला नाला आजीच्या तोंडी असतो. ती आहे तोवर विचारा.

पुढच्या ग्रामसभेला प्रत्येक पाड्यानं आपली यादी आणावी. जिंदाबाद!