भिंतीचा रंग कोणी ठरवायचा?

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या मूलभूत गरजा, हे आपण प्राथमिक शाळेपासून पाठ करीत आलो आहोत. पण निवाऱ्याच्या भिंतीला रंग कोणता द्यावा, हा प्रश्न आमच्यासारख्यांच्या घरी मागील पिढीपर्यंत उद्भवलाच नव्हता. कुडाची भिंत, तिला माती-शेणाचा लेप, होळी-दिवाळीला पांढऱ्या मातीचे पोतेरे आणि खाली गेरूचा पट्टा. रंग मातीचा आणि तो देणारे हात बायकांचे.

मागील वर्षी आम्हांला घरकुल मंजूर झाले. २०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत किमान २५ चौरस मीटरचे घर धरले आहे. अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये असे ठरले होते. एवढ्यात विटा, सिमेंट आणि पत्रे भागवतानाच नाकी नऊ येतात. रंगाचे पैसे बाबांनी गुजरातेत ऊस तोडून आणले. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तेव्हा शहाद्याहून रंगांचे कार्ड आणण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले.

खरे सांगायचे तर माझ्या डोळ्यांसमोर एका मैत्रिणीचे शहरातले घर होते. तिच्या बैठकीच्या एका भिंतीवर लाल विटांचे चित्र असलेला वॉलपेपर आहे. खऱ्या विटांची भिंत, तिला गिलावा, त्यावर लांबी आणि त्यावर पुन्हा विटांचे चित्र! तेव्हा मला यात काहीच वावगे वाटले नाही. आपल्याही घरी मैत्रिणी याव्यात आणि घर ‘सुधारलेले’ दिसावे, एवढेच मनात होते. मी गुलाबी ऑईलपेंटवर बोट ठेवले.

आजीने ते कार्ड हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि विचारले, “मग होळीला मी काय करायचं?”

माय चटकन म्हणाली, “काही करू नका. जन्मभर सारवलं, आता बसा.”

वाचकहो, दोघींतली कोण बरोबर? मला वाटते, दोघीही. मातीच्या भिंतीचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा शेणाची पाटी डोक्यावर घेऊन पाहावी. पक्के घर हा आमचा हक्क आहे, त्याबद्दल दुमत नाही. परंतु आजीच्या प्रश्नाने मला निराळेच काही दाखविले. ज्या हातांनी आजवर भिंती राखल्या, त्या हातांना रंग ठरविताना कोणी विचारलेच नव्हते. दुकानात जातो पुरुष, नाहीतर माझ्यासारखे शिकलेले पोर. आणि ते पोर रंग निवडते लाजेपोटी.

ही लाज आली कोठून? आमच्या शेजारच्या छोटा उदेपूर, अलीराजपूरकडे राठवा लोक नवस फेडण्यासाठी भिंतीवर पिठोऱ्याचे घोडे काढतात. झाबुआकडच्या भुरीबाई भोपाळच्या भारत भवनाच्या बांधकामावर मजुरीला गेल्या. चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी त्यांना चित्रे काढायला सांगितले आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पूर्वी भिंतीवर असलेली ती चित्रे आज शहरात चौकटीत बसतात. एवढेच काय, १२ जानेवारी २०२१ रोजी खादी ग्रामोद्योग आयोगाने शेणापासून केलेला ‘प्राकृतिक पेंट’ बाजारात आणला. आरंभी त्याचा डिस्टेंपर लिटरला १२० रुपये आणि इमल्शन २२५ रुपये होते. जे आम्ही लपवीत होतो, ते डब्यात भरून विकायला आले!

लाज बाजूला ठेवली की साधे प्रश्न उरतात. ऊन किती, ओल किती, पैसा किती? आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. पांढरा रंग ऊन परतवितो, म्हणून पहिला हात पत्र्यावर आणि बाहेरच्या भिंतींना पांढरा द्यावा. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून चुनखडीसारखा घट्ट होतो आणि ओलही बाहेर पडू देतो. ओल्या गिलाव्यावर घाईने ऑईलपेंट फासला, तर पावसाळ्यात त्याचे पोपडे सुटतात. वॉलपेपरची गत त्याहून वाईट. डबा घेतलाच तर त्यावर शिशाविषयी काय लिहिले आहे, तेही वाचावे. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत दशलक्षात ९० भागांहून जास्त शिसे चालत नाही. भिंतीला हात लावून तोच तोंडात घालणारी लहान मुले घरोघरी आहेत.

शेवटी आम्ही सगळे एकत्र बसलो. बाहेर चुना, चुलीकडच्या भिंतीला मायच्या पसंतीचा पुसता येणारा निळा रंग, आणि ओसरीची एक भिंत आजीसाठी लांबी न भरता मोकळी. यंदाच्या होळीला आजीने तिथे चुना दिला आणि खाली गेरूचा पट्टा ओढला. पट्टा थोडा वाकडा आला. माय हसली, पण तिने गेरूची वाटी धरून ठेवली होती.

गुलाबी रंग राहून गेला. मैत्रिणी अजून यायच्या आहेत. त्या आल्या म्हणजे त्यांना मी प्रथम ओसरीतच बसविणार आहे.