गालिच्यावरचा डाग आणि मावळचा पाऊस

लोणावळ्याच्या आसमंतात बहुतेक वर्षी 4,000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो आणि आषाढात औंढ्यासारख्या गावी दोरीवरचा पंचाही तीन-तीन दिवस ओला राहतो, हे तेथे सुटीपुरती घरे बांधणाऱ्या मंडळींना ठाऊक नसते असे नाही. तरीही ती दिवाणखान्यात हौसेने लोकरी गालिचा अंथरतात, आणि त्यावर चहा सांडला की बादलीभर पाणी, साबण व ब्रश घेऊन घासण्याचा हुकूम घर राखणाऱ्या बाईंना सोडतात. या रीतीला माझा स्पष्ट विरोध आहे.

गेल्या आषाढात औंढ्यातील एका स्नेह्यांकडे असाच पेला लवंडला. बाई स्वयंपाकघरातून कोरडे फडके घेऊन धावल्याही होत्या, परंतु घासण्याच्या आग्रहापुढे त्यांचे काही चालले नाही. वरून गालिचा स्वच्छ दिसला. चौथ्या दिवशी लोकर सुकू लागताच मुळाशी मुरलेले पाणी केशाकर्षणाने वर चढले आणि चहाचा तपकिरी रंग शेंड्यांवर येऊन बसला, पहिल्याहून रुंद आणि कडेला गडद रेघ असलेला. कोपरा उचलून पाहिला, तो खाली बुरशीचा कुबट वास.

अशा वेळी जुन्या धोतराची चौपदरी घडी डागावर ठेवून तळहाताने दाबावी, कोरडी बाजू पालटीत कडेकडून मध्याकडे यावे, आणि मगच गार पाण्यातून घट्ट पिळलेले फडके टेकवावे. कढत पाणी नको, कारण दुधातील प्रथिने उष्णतेने तंतूंना चिकटून बसतात. धुण्याचा सोडाही नको, कारण लोकर स्वतःच प्रथिनमय असल्याने क्षाराने तिची हानी होते. हळदीच्या रश्श्याचा मामला तर याहून बिकट: हळदीत चुना कालवला की लाल रंग येतो, तोच प्रकार साबण लागताच गालिच्यावर घडतो, आणि हळद उडविणारे ऊन आषाढात औंढ्याला मिळावयाचे कोठून?

सबब पावसाळ्याचे चार महिने तेथे सुती सतरंजी अंथरावी, जी दोघांनी दोन टोके धरून पिळता येते. गालिचा हवाच असेल, तर निदान जुन्या सुती फडक्यांची एक चळत दिवाणखान्यातच ठेवावी आणि डागाचा बंदोबस्त कोणाला न विचारता तत्काळ करण्याची मुखत्यारी घर राखणाऱ्या बाईंना द्यावी. कारण तो चौथ्या दिवशी उमटलेला डाग पाहून स्नेह्यांनी ठपका ठेवला, तो त्यांच्यावरच.