ठेकेदार यंत्र शोधणार. पण कोणत्या नियमाने?

सप्टेंबर २०२५ मध्ये अल्बानियाच्या पंतप्रधानांनी सरकारी निविदांचे काम ‘दिएल्ला’ नावाच्या संगणकीय प्रणालीकडे सोपविण्याची घोषणा केली, तेव्हा पुष्कळांना ती गंमत वाटली. नांदेड जिल्ह्यातील उमरीसारख्या तालुक्याच्या गावाला तर हे प्रकरण फारच दूरचे वाटावे. प्रत्यक्षात ते तितके दूर नाही. महाराष्ट्रात निविदा संगणकावर भरल्या जातात. केंद्र सरकारची ‘जेम’ ही खरेदीची बाजारपेठ २०१६ पासून चालू आहे. पुढचे पाऊल आता दिसू लागले आहे. कामाला योग्य ठेकेदार शोधणे, एकट्याला न पेलणाऱ्या कामासाठी एकत्र येऊन निविदा भरू शकतील असे गट हुडकणे, हे कार्यही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ‘एजंटां’वर, म्हणजे मनुष्याच्या वतीने स्वतःच पायऱ्या ठरवून काम उरकणाऱ्या प्रणालींवर, सोपविता येते.

या एजंटाला गावोगावचे ठेकेदार ठाऊक नसतात. त्याच्या हाती एक शोध-साधन दिलेले असते आणि त्यासोबत एक लेखी माहितीपत्रक. साधन काय शोधते, त्याला कोणती माहिती पुरवावी, उत्तर कोणत्या स्वरूपात येईल, हे त्यात सांगितलेले असते. एजंट ते वाचतो आणि त्यावर विसंबून पुढे जातो. कचेरीतील जुना कारकून यादीत नसलेले नावही आठवणीने सांगू शकतो. एजंटाला पत्रकात जे लिहिले नाही त्याची कल्पना असेलच असे नाही. म्हणूनच वरवर रुक्ष दिसणारे हे पत्रक ही तांत्रिक बाब राहत नाही. कोणाला संधी मिळेल याचा निर्णय त्यातच दडलेला असतो.

उमरीचेच उदाहरण घ्यावे. या नावाची गावे विदर्भात आहेत, मध्य प्रदेशातही आहेत. साधन केवळ गावाच्या नावावरून शोधते की जिल्हा व तालुका पाहते, हे पत्रकात स्पष्ट नसेल, तर नांदेडच्या उमरीतील नालीच्या कामासाठी भलत्याच उमरीची नावे पुढे यावयाची. संस्थेची नोंद मराठीत आणि शोध इंग्रजीत असेल, तर ती सापडणारच नाही. अशा वेळी ‘या यादीत सापडले नाही’ याचा अर्थ ‘अस्तित्वातच नाही’ असा घेतला जाईल, आणि ज्याचे नाव गळले त्याला आपण गळलो हे कळणारही नाही.

याहून गंभीर प्रश्न क्रमवारीचा आहे. लहान कामे मजूर सहकारी संस्था, सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि खुले ठेकेदार यांच्यात ३३:३३:३४ या प्रमाणात वाटण्याचे धोरण महाराष्ट्राने अवलंबिले, ते दुबळ्याला बाजारात पाय ठेवता यावा म्हणून. परंतु शोध-साधन वार्षिक उलाढालीनुसार नावे लावीत असेल आणि एजंट पहिली दहा नावे उचलून थांबत असेल, तर एकत्र येऊ पाहणाऱ्या लहानांना जोडीदार मिळणार नाहीत. धोरण कागदावर राहील आणि क्रमवारी राज्य करील. यात शेवटी सार्वजनिक तिजोरीचेच नुकसान आहे. कारण खरे स्पर्धक जितके कमी, तितका दर चढा, हा बाजाराचा साधा नियम आहे.

दुसरी बाजूही विसरता येत नाही. जे साधन सहकारी शोधून देते, ते संगनमताचे साथीदारही शोधून देऊ शकते. पुणे महानगरपालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांत नामधारी निविदाकार उभे करून स्पर्धेचा देखावा केला गेला, असा निष्कर्ष भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये काढला आणि संबंधितांना दंड ठोठावला. निविदा संगणकावर आली म्हणजे ती आपोआप शुद्ध झाली, हा समज तेव्हाच खोटा ठरला.

क्रमवारीचे नियम उघड केल्यास लबाड लोक त्यांचा गैरफायदा घेतील, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. तथापि शेतमालाच्या बाजाराचा अनुभव आठवावा. एके काळी रुमालाखाली बोटे चाचपून भाव ठरत असे आणि मालाचा धनी असलेला शेतकरी नुसता पाहत उभा राही. नियंत्रित बाजारात ही पद्धत निषिद्ध ठरली, उघड लिलाव आला. त्याने सारी लबाडी संपली नाही. पण ती दिसू लागली, आणि जी दिसते तिच्याविरुद्ध बोलता येते. अघोषित क्रमवारी हा नवा रुमालच होय.

यासाठी मागणी अवघड नाही. यादी कोठून घेतली, ती शेवटची केव्हा दुरुस्त झाली, कोण त्यात येत नाहीत, क्रम कशावर लागतो, काही न सापडल्यास उत्तर काय येते, आणि कोणी कोणाचा शोध घेतला याची नोंद कोठे राहते, हे प्रत्येक सार्वजनिक साधनाच्या पत्रकात असावे. एजंटासाठी ते कोणत्याही भाषेत असो. नागरिकासाठी ते मराठीतही हवे. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आपल्या चौथ्या कलमान्वये निर्णयाची कार्यपद्धती व नियम आपणहून प्रसिद्ध करण्याचे बंधन सार्वजनिक कार्यालयांवर घालतो. निवड करण्यास साहाय्य करणारे यंत्र त्या बंधनाबाहेर कसे राहू शकेल?

निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्यात जानेवारी १९४८ मध्ये उमरीच्या बँकेवर छापा पडला. त्या पैशाचा चोख हिशेब ठेवला गेला, ही आठवण मराठवाडा आजही अभिमानाने सांगतो. भूमिगत चळवळीला जे जमले, ते कायद्याने चालणाऱ्या राज्याला जड जाऊ नये. यंत्राने खुशाल शोधावे. कसे शोधले, हे मात्र लिहिलेले असले पाहिजे.