विश्लेषण : खान्देशातल्या संग्रहालयांची खरी परीक्षा मे महिन्यात का?

जळगावात पाहुणे आले की त्यांना कुठे न्यायचं, याचं उत्तर २०१२ पासून ठरलेलं आहे : जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ. धुळ्यात पाहुण्यांना राजवाडे संशोधन मंडळात नेणारे यजमान मात्र विरळाच. ग्रंथालय, संग्रहालय आणि जुनी कागदपत्रं दोन्हीकडे आहेत. पण पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की या कागदांचं काय होतं, हे फारसं कुणी विचारत नाही.

गांधीतीर्थात काय आहे?

भवरलाल जैन यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या वास्तूचं उद्घाटन २५ मार्च २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती आणि जळगावकर प्रतिभा पाटील यांच्या हस्ते झालं. एकेकाळच्या उजाड टेकडीवर ठिबकच्या पाण्यावर वाढलेली हिरवाई, आमराई, जोधपुरी दगडाची इमारत आणि आत 'खोज गांधीजी की' हे प्रदर्शन. टचस्क्रीन आहेत, ध्वनिफिती आहेत, मुलं रमतात. गांधीजींशी जिल्ह्याचं नातं त्याही आधीचं. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन फैजपूरला भरलं. नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या साहित्यातून तिथली सजावट केली आणि खादी-ग्रामोद्योग प्रदर्शन गांधीजींनी खुलं केलं.

मग धुळ्याचं महत्त्व काय?

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचं ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झालं. गावोगाव पायपीट करून त्यांनी जमवलेली दप्तरं सांभाळायला पुढच्याच वर्षी मंडळ स्थापन झालं. याच शहरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी उभारलेलं समर्थ वाग्देवता मंदिर आहे. रामदासी मठांतून गोळा केलेल्या हस्तलिखितांचा तिथला साठा अभ्यासकांना ठाऊक आहे, रिक्षावाल्यांना नाही.

उन्हाने कागदाचं काय बिघडतं?

इंजिनीअरिंगला केमिस्ट्री कशीबशी काढली, तरी एवढं लक्षात आहे : तापमान वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग वाढतो. गंमत अशी, की पेशवाईतला मोडी कागद हातबनावटीचा, चिवट. विसाव्या शतकातला गिरणीचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं आम्लच त्याला आतून खातं. म्हणजे १९३०चं वर्तमानपत्र १७६०च्या पत्राआधी तुकडे होऊन पडू शकतं. त्यात उन्हाळ्यानंतर लगेच पावसाळी दमट हवा, मग बुरशी आणि कसर.

फोटोंचं तर आणखी नाजूक. चाळीसगावला केकी मूस (१९१२–१९८९) जवळपास पन्नास वर्षं आपल्या बंगल्याबाहेर क्वचितच पडले आणि टेबलावर वस्तू मांडून त्यांनी अख्खी निसर्गदृश्यं 'टिपली'. रेल्वे स्टेशनजवळच्या त्या घरात आता त्यांचं कलादालन आहे. निगेटिव्हवरचा जिलेटिनचा थर उष्णता आणि दमट हवा, दोन्हींचा वैरी.

उपाय काय?

स्कॅनिंग हवंच, पण ते पुरेसं नाही. मोडी वाचता येणारी माणसं नसतील तर स्कॅन केलेलं पानही बंदच. मूळ कागदासाठी आम्लविरहित खोकी, वर्षभर शक्यतो सारखं तापमान, झाडपूस आणि पगारी माणूस लागतो. यातलं काहीच उद्घाटनाच्या फोटोत दिसत नाही. नव्या दालनाची फीत कापायला पाहुणा मिळतो, डीह्युमिडिफायरची कापायला कोण येणार?

गांधीतीर्थामागे मोठा उद्योगसमूह आहे. ते बळ धुळ्याच्या मंडळाकडे किंवा चाळीसगावच्या बंगल्याकडे नाही. जिल्हा नियोजनाच्या निधीत नव्या स्मारकांआधी या जुन्या कपाटांचा खर्च धरला पाहिजे. आणि जळगावला येणारी शाळेची सहल एका वर्षी धुळ्याकडे वळवायला तर निधीही लागत नाही. मंडळाला आधी फोन करून वेळ मात्र ठरवून घ्या.