सुवर्णकमळ आहे, पडदा कोठे आहे?

आपल्या माणसांचा अभिमान बाळगण्याची पुण्यास मोठी हौस आहे; मात्र तो अभिमान तिकिटाच्या खिडकीपर्यंत क्वचितच चालत जातो. १९ एप्रिल २०२१ रोजी सुमित्रा भावे यांचे या शहरात निधन झाले, तेव्हा त्यांच्या गौरवपर लेखांचा पूर लोटला. त्या पुरात आमचीही एक ओंजळ होती. परंतु ज्यांनी ते लेख वाचून हळहळ व्यक्त केली, त्यांपैकी कितीजणांनी श्रीमती भावे यांचे दोन चित्रपट तरी पैसे मोजून चित्रगृहात पाहिले होते? हा प्रश्न अप्रिय आहे, आणि तो आम्ही प्रथम स्वतःसच विचारीत आहोत.

श्रीमती भावे चित्रसृष्टीत आल्या त्या मागील दाराने. राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र यांचे अध्ययन त्यांनी केले, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत शिक्षण घेतले आणि कर्वे समाजसेवा संस्थेत दहा वर्षे अध्यापन केले. वस्त्यांतील स्त्रियांच्या जीवनाचे संशोधन करीत असता त्यांच्या ध्यानी आले की, आपला अहवाल विद्वान वाचतील, पण ज्या बायकांविषयी तो आहे त्यांस तो वाचता येणार नाही. असा विचार पुष्कळ संशोधकांच्या मनात येतो आणि पुढला अहवाल लिहावयास घेताच विसरलाही जातो. श्रीमती भावे तो विसरल्या नाहीत. चित्रपटाचे कसलेही शिक्षण नसता चाळिशी उलटल्यावर त्यांनी कॅमेरा लावला आणि १९८५ साली ‘बाई’ हा लघुपट केला. त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पाठोपाठ १९८७ च्या ‘पाणी’सही मिळाला. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले सुनील सुकथनकर त्यांचे सहदिग्दर्शक झाले, आणि ही जोडी तीन दशकांहून अधिक काळ टिकली. पन्नासांहून अधिक लघुपट आणि चौदा-पंधरा कथापट एवढी तिची कमाई आहे. ‘कमाई’ हा शब्द आम्ही हिशेबाच्या अर्थाने योजीत नाही, हे सांगावयास नकोच.

त्यांचा पहिला कथापट ‘दोघी’ १९९५ सालचा. लग्नाच्याच दिवशी नवरा मुलगा अपघातात गेल्याने अपशकुनी ठरलेली, आणि पुढे पोटासाठी मुंबईच्या बाजारात लोटली गेलेली मुलगी. तिच्या पैशावर घर चालते, परंतु त्या घराच्या उंबरठ्याच्या आत तिला जागा नाही. हा चित्रपट राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि दूरदर्शन यांच्या साह्याने निघाला. असा विषय घेऊन एखाद्या धंदेवाईक निर्मात्याकडे कोणी गेले असते, तर त्याने चहा पाजून वाटेला लावले असते. सरकारी पैशाविषयी नाके मुरडण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या पैशातून केव्हा केव्हा असेही काही निपजते, याची नोंद निदान न्यायापुरती तरी करावी.

पुढे मात्र त्यांनी पैशाचा माग काढीत बसण्यापेक्षा माणसांचा माग काढला. ‘देवराई’त छिन्नमानसाने ग्रासलेला तरुण आला, ‘नितळ’मध्ये कोड असलेली डॉक्टर मुलगी आली, ‘एक कप च्या’मध्ये भरमसाट वीजबिलाने हबकलेला आणि माहितीच्या अधिकाराचा अर्ज करणारा कोकणातील एस. टी.चा कंडक्टर आला. कोणाच्या घरी असे दुखणे होते, कोणी त्या क्षेत्रात झटत होते. अशांच्या पाठबळाने हे चित्रपट उभे राहिले.

या पद्धतीस तिचे दोषही आहेत, आणि ते झाकणे हा श्रीमती भावे यांचा गौरव नव्हे. समाजकार्याच्या अध्यापिकेने खडू पूर्णपणे कधीच खाली ठेवला नाही. पात्रे बोलता बोलता समजावून सांगू लागतात, आणि रसिकाची किंचित चुळबुळ होते. परंतु ‘वास्तुपुरुष’मधील पडक्या वाड्याची कळा, किंवा ‘अस्तु’मध्ये स्मृती गमावलेला संस्कृत पंडित हत्तीमागून चालत जातो तो प्रसंग ज्याने पाहिला, तो ही तक्रार फार वेळ करीत नाही. तेथे अध्यापिका मागे सरली आहे आणि कलावती पुढे आली आहे.

आता त्या सुवर्णकमळाकडे वळू. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक १९५४ साली आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’स मिळाले. तो मान एका संपादकाच्या चित्रपटाचा होता, याचा आमच्या व्यवसायास थोडासा गर्व आहे. त्यानंतर मराठीस पन्नास वर्षे वाट पाहावी लागली. ‘श्वास’, ‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’ यांच्या मागून २०१६ सालच्या ‘कासव’ने हा सन्मान आणला. समुद्रकिनारी अंडी घालून निघून जाणाऱ्या कासवीच्या सान्निध्यात, जगण्याची इच्छा हरवलेल्या एका तरुणास परक्या माणसांनी दिलेला आसरा, एवढीच त्याची कथा. पारितोषिक एप्रिल २०१७ मध्ये जाहीर झाले. चित्रपट चित्रगृहांत लागला तो ऑक्टोबरात. देशातील सर्वोत्कृष्ट ठरलेल्या चित्रपटास आपल्याच प्रांतात सहा महिने दार ठोठवावे लागावे, ही गोष्ट पुरस्कार देणाऱ्यांस, चित्रगृहवाल्यांस आणि आम्हा प्रेक्षकांस सारखीच लाजिरवाणी आहे.

चित्रगृहवाला म्हणतो, प्रेक्षक येत नाहीत. प्रेक्षक म्हणतो, खेळ सकाळी दहाला, तोही शहराच्या दुसऱ्या टोकास. दोघेही खरे बोलतात, आणि त्यामुळेच काही बदलत नाही. २०१५ साली राज्य शासनाने बहुपडदा चित्रगृहांस मोक्याच्या वेळी मराठी चित्रपट दाखविण्याचे बंधन घातले, तेव्हा केवढे वादळ उठले होते! परंतु असे बंधन मराठी असण्याचे आहे. त्याचा लाभ प्रथम नाचगाण्याच्या मराठी चित्रपटास होतो, ‘कासव’सारख्यास नव्हे. म्हणून डॉ. मोहन आगाशे यांच्यासारख्या मनोविकारतज्ज्ञ नटास ‘अस्तु’ आणि ‘कासव’ घेऊन गावोगाव हिंडावे लागले, खेळ करावे लागले आणि खेळानंतर लोकांशी बोलावे लागले. ते खेळ रंगले, याचा अर्थ प्रेक्षक होता. त्याच्यापर्यंत जाणारा रस्ता तेवढा नव्हता. दि. बा. मोकाशी यांच्या कथेवरून केलेला ‘दिठी’ २०२१ च्या मेमध्ये लोकांनी घरोघरच्या छोट्या पडद्यावर पाहिला; श्रीमती भावे तोवर या जगात नव्हत्या.

आमची मागणी लहान आहे. फिल्म इन्स्टिट्यूट या शहरात आहे, १९६४ साली स्थापन झालेले चित्रपट संग्रहालय त्याच रस्त्यावर आहे, आणि महापालिकेच्या मालकीची नाट्यगृहे आहेत. महिन्यातून एक संध्याकाळ, एक निश्चित वार आणि परवडेल असे तिकीट एवढे ठरवून या प्रकारचे मराठी चित्रपट नेमाने दाखविण्यास महापालिकेस कोणती अडचण आहे, ते तिने जाहीरपणे सांगावे. अडचण नसल्यास पहिल्या संध्याकाळी ‘बाई’ लावावा, आणि पुढच्या दोन रांगा पाहुण्यांसाठी न राखता वस्त्यांतील बायकांसाठी राखाव्या.